बिऱ्हाड हलल्यावर



मे-जून म्हणजे बदल्यांचा हंगाम. लोणारचे गुरुजी जळगाव जामोदला जातात, मेहकरचे साहेब मलकापूरला. चिखलीची पोरं तर बारा महिने पुण्या-चाकणकडे निघालेली. सामान पोचलं की बिऱ्हाड हललं असं आपण धरतो. सरकारच्या दप्तरात मात्र तुम्ही अजून जुन्याच घरी राहता.

टपालाचं काम सोपं आहे. जुन्या घरी ज्या पोस्टातून टपाल यायचं, तिथल्या पोस्टमास्तरांना नव्या पत्त्यासह लेखी अर्ज द्या, टपाल वळवून मिळतं. पण ही सोय मुदतीपुरती. आणि पोस्टाला कळवलं म्हणजे आयकर खात्याला कळलं, असं होत नाही.

पिनकोडात आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हमखास गफलत होते. बुलढाणा 443001, मलकापूर 443101. पण खामगाव 444303 आणि शेगाव 444203. पिनचे पहिले तीन आकडे टपालाची विभागणी दाखवतात, महसुली जिल्हा नव्हे. 15 ऑगस्ट 1972 पासूनची ही पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. संस्कृतात कविता करणारा मराठी माणूस!

आता आयकर. आधारवरचा पत्ता आधी बदलून घेतला, तर त्यावरून पॅनचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. आयकराच्या पोर्टलवरची तुमची माहिती वेगळी तपासावी लागते. तिथं पत्त्यापेक्षाही मोबाइल आणि ई-मेल आधी पाहा. पुष्कळदा रिटर्न भरून देणाऱ्यानं आपलाच नंबर घातलेला असतो. मग नोटीस येते त्याच्याकडे, आणि तुम्ही निवांत!

नोटीस परत गेली म्हणजे सुटलो, असं समजू नका. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 27 सांगतं की, योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टर पोस्टानं पाठवलेला कागद पोचला असं धरलं जाईल. पोचला नाही, हे दाखवायची जबाबदारी मग तुमच्यावर.

गावी शेती असेल, तर खरा घोर तिथं आहे. सातबाऱ्यावर कुणी फेरफार मांडला की तलाठी नमुना 9 ची नोटीस काढतात आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. तुम्ही भोसरीला, नोटीस जुन्या पत्त्यावर, आणि भाऊबंद काही फोन करून सांगायचे नाहीत. म्हणून गाव सोडताना नवा पत्ता तलाठ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. घरपट्टीसाठी तसंच पत्र ग्रामपंचायतीला. मतदारयादीसाठी निवडणूक आयोगाचा नमुना 8. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना 8 तो निराळा.

श्रोतेहो, आज संध्याकाळी घरातल्या जाणत्या पोराला आयकराचं पोर्टल उघडायला सांगा. पत्ता, मोबाइल, ई-मेल तेवढं वाचून घ्या. जुनं निघालं, तर आधारपासून सुरुवात करा.