मुलांच्या मनाचे दुखणे
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मुलाला ताप चढला की सारे घर जागे होते. तेच मूल महिनोन्महिने कोणाशी बोलत नसेल, रात्र रात्र तळमळत असेल, तर मात्र ‘वयच तसे आहे’ एवढ्यावर विषय संपतो. शरीराच्या दुखण्याला मिळणारी ही तत्परता मनाच्या दुखण्याला का मिळू नये, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न थोडक्या घरांचा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे साधारण चौदा मुलांमागे एक. मोठेपणी दिसणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अडचण अशी की, मूल आपले दुःख शब्दांत सांगत नाही. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. किशोरवयातील उदासी पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते. अक्षरे ओळखण्यातच ज्याला अडचण आहे, तो आळशी ठरतो. अशा अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही मान्यता दिली आहे, तरी घरोघरी त्यावर उपाय म्हणून आजही शिकवणीच वाढवली जाते.

एक उदाहरण कल्पावे. आठवीतील एका मुलाचे दररोज सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखते. सोनोग्राफी होते, काही निघत नाही. वडील ‘नाटक करतो’ म्हणून रागावतात, आजी दृष्ट काढते, आई कळवळून त्याला घरी ठेवते. घरी राहताच पोट थांबते. रविवारी तर दुखतच नाही. तरीही ते ढोंग नव्हे. दुखणे खरेच असते, त्याचे मूळ भीतीत असते. घरी राहिल्याने भीती त्या दिवसापुरती टळते आणि दुसऱ्या दिवशी अधिक बळावते.

अशा मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले, तर तेथे काय होते? प्रथम आई-वडिलांचे म्हणणे ऐकले जाते. मग मुलाशी एकांतात बोलणे होते. दोन-तीन भेटींनंतर कळते की, वर्गात मोठ्याने वाचताना तो अडखळला होता आणि मुले हसली होती. ‘सगळे हसतील’ हा त्याचा विचार कागदावर मांडला जातो. खरोखर किती जण हसले, याचा हिशेब त्याच्याकडूनच करवला जातो. पुढे भीतीच्या पायऱ्या पाडल्या जातात. आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग ग्रंथालयात अर्धा तास, मग एक तास वर्गात आणि शेवटी चार ओळींचे वाचन. एका पायरीवरील भीती ओसरली की पुढची पायरी. विचार तपासण्याच्या या पद्धतीचा पाया अमेरिकेतील डॉ. आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला.

या उपचारात घरालाही अभ्यास दिला जातो. आईने घरी ठेवायचे नाही, वडिलांनी ओरडायचे नाही, शिक्षकांनी त्याला एकदम उभे करायचे नाही. लहान मुलांसाठी बाहुल्या, रंग, माती हीच बोलण्याची साधने ठरतात. तो वेळेचा अपव्यय नव्हे. औषधे प्रत्येक वेळी लागतातच असे नाही. लागल्यास ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच देतात. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही, हे पालकांनी निःसंकोच विचारावे. मात्र दोन भेटींत गुण आला नाही म्हणून वाट सोडू नये, कारण या कामाला महिने लागतात.

ही विद्या येथे उपरी नाही. मुंबईत १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले होते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्य संस्था उभारली. सोय नाही असे नाही, पावलेच अडखळतात. ती अडखळतात एका भीतीने: ‘उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी विचारले तर?’ या भीतीपायी कित्येक मुलींचे दुखणे घराच्या चार भिंतींत कोंडले जाते. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल अशा काही प्रसंगांचा त्याला अपवाद आहे. शिवाय लपवलेले दुखणे लपवलेल्या कर्जासारखे असते. वहीत नोंद केली नाही म्हणून व्याज चढायचे थांबत नाही.

एका बाबतीत तर क्षणाचाही विलंब नको. ‘जगावेसे वाटत नाही’ असे मूल म्हणाले, तर ती धमकी समजू नये. ‘मरणाचे विचार येतात का?’ असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही, उलट मुलाला आधार वाटतो. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

दरवर्षी निकाल लागले की समाजात गुणवंतांचा सत्कार होतो. तो व्हावाच. परंतु त्याच सभागृहात मागच्या रांगेत अठ्ठेचाळीस टक्के मिळालेला एखादा मुलगा आईच्या आग्रहाखातर येऊन बसलेला असतो. प्रत्येक टाळीबरोबर त्याची मान आणखी खाली जाते. त्याला हारतुरे नकोत. ‘कसा आहेस?’ असे विचारून उत्तर मिळेपर्यंत थांबणारा एक वडीलधारा माणूस त्याला हवा आहे. संस्थेच्या इमारतीतील एक खोली आठवड्यातून एक दिवस जाणकार समुपदेशकासाठी राखून ठेवली आणि तेथे जाणाऱ्या आईकडे कोणी वळून पाहिले नाही, तर या सुवर्ण महोत्सवाने पुढच्या पिढीचे देणे काही अंशी फेडले, असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.