धक्क्यावरचा हिशेब



माझे आजोबा गलबतावर खलाशी होते. मंगळूरला कौलं भरायची आणि कोकणातल्या बंदरांत उतरवायची, हे त्यांचं काम. अब्बांनी मुंबई-गोवा हायवेवर पंचवीस वर्षं ट्रक चालवला. मी एसी ऑफिसात बसून माल कोणत्या रस्त्याने जावा याचे प्रोग्राम लिहिते. तीन पिढ्या मालवाहतुकीतच आहोत, मधल्या मध्ये समुद्र तेवढा सुटला. तो परत धरता येईल का, यावर आज बोलायचं आहे.

पाण्यावरून माल स्वस्तात जातो. सरकारी कागदपत्रांत नेहमी येणारा हिशेब असा, की एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ आणि जलमार्गाने १०५. खरी गंमत हळू जाण्यात आहे. जहाजाचा वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण एक अष्टमांशावर येते. वेळ दुप्पट लागला तरी इंधन चौथाईच जळतं. ट्रकला हे जमत नाही.

हे वाचून मी भारावले होते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मुंबई ते रत्नागिरी रस्ता आणि समुद्र यांची तुलना करणारा प्रोग्राम लिहिला. समुद्र सहज जिंकला! घरी अब्बांना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "माल धक्क्यावर कोण नेणार? आणि जहाज येईपर्यंत तो कुठे पडून राहणार?" मी थांबण्याचा वेळ शून्य धरला होता. गोदामातून धक्का, धक्क्यावरून जहाज, पुन्हा धक्का, पुन्हा ट्रक, ही सगळी चढउतार आणि मोकळी परतणारी फेरी हिशेबात घेतली, तेव्हा ट्रकच स्वस्त निघाला. इंजिनिअरिंगची डिग्री माझी, चूक पकडली दहावी झालेल्या माणसाने.

मग हे कुठेच जमत नाही का? जमतं, आणि आपल्याच किनाऱ्यावर जमतं. रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. त्याचा कच्चा माल मोठ्या जहाजांनी जयगडला येतो, तिथे लहान जहाजांत भरला जातो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने येऊन अंबा नदीच्या खाडीतून धरमतरच्या जेटीला लागतो. असं एक जहाज सुमारे ८,००० टन नेतं. पंचवीस टनांचा ट्रक धरा, म्हणजे ३२० ट्रक. ही अंबा नदी २०१६च्या कायद्याने जाहीर झालेल्या राष्ट्रीय जलमार्गांत आहे. पण देशात असे १११ जलमार्ग कागदावर आहेत आणि नियमित माल मोजक्यांवरच जातो. डोलवीला जमलं कारण कारखानाच खाडीच्या काठावर आहे, माल सुटा आणि प्रचंड आहे, आणि दोन्ही टोकांच्या धक्क्यांवर एकाच उद्योगसमूहाचा हात आहे.

म्हणून मला वाटतं, हापूसच्या पेट्या जहाजात घालायचा हट्ट सोडावा. सिमेंट, खत, कोळसा, धान्य यांना घाई नसते, तिथून सुरुवात करावी. पावसाळ्याचं कारण लोक पुढे करतात, ते निम्मंच खरं आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट पावसातही गाड्या नेते, लहान लाँच मात्र बंद राहतात.

आता अब्बांचा दुसरा प्रश्न. "मग ड्रायव्हर काय करतील?" आपल्या कितीतरी घरांची चूल ट्रकवर चालते, त्यामुळे हा प्रश्न टाळून मला पुढे जाता येत नाही. धक्का ते गोदाम ट्रक लागणारच, पण फेऱ्या आखूड होतील. रात्री कशेडी घाट उतरण्याऐवजी माणूस घरी जेवायला येईल. मात्र पगार किलोमीटरवर राहिला तर त्याचं पोट मारलं जाईल, म्हणून फेरीचा दर आधी ठरवून घ्यावा लागेल. मिरकरवाड्यातल्या मच्छीमारांचंही तसंच. जहाजाची वाट त्यांच्या जाळ्यांवरून जाणार असेल, तर नकाशा काढतानाच त्यांना टेबलावर बसवलं पाहिजे. नंतर भरपाईच्या रांगेत उभं करून उपयोग नाही.

माझ्या प्रोग्राममध्ये आता धक्क्यावरचे तास आहेत. ड्रायव्हरच्या रोजाचा रकाना परवाच घातला. जाळी कुठे, कोणत्या महिन्यात पडतात, ही माहिती अजून नाही. तुमच्यापैकी रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धनकडचे जे कोणी असतील, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.