आपला स्ट्रँड रोड

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यान देण्याइतका मी विद्वान नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस-बावीस वर्षे रूळ, पूल आणि इमारती यांतच गेली. पण पुलावर काम करणाऱ्याला एक सवय लागते. समोरचे बांधकाम कोणी, केव्हा आणि कशासाठी उभे केले, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याच सवयीने आज आपल्या स्ट्रँड रोडविषयी चार शब्द बोलणार आहे. हावड्याहून येता-जाता आपण हा रस्ता ओलांडतो आणि वर्षातून एकदा बाप्पांना निरोप द्यायला बाबूघाटाच्या बाजूला जातो. दोन्ही वेळी लक्ष गर्दीकडे असते, रस्त्याकडे नसते.

हा रस्ता मुळात नदीची देणगी आहे. इंग्रजांचा जुना फोर्ट विल्यम आजच्या जनरल पोस्ट ऑफिस आणि फेअरली प्लेसच्या जागी होता आणि हुगळीचे पाणी त्याच्या पश्चिमेच्या तटापाशी खेळत असे. पुढे नदी पश्चिमेकडे सरकली, गाळाची जमीन वर आली. शहर सुधारणेसाठी १८१७ साली लॉटरी कमिटी नेमली गेली होती. लॉटरीची तिकिटे विकून आलेल्या पैशातून तिने अनेक रस्ते केले. त्या काळात, म्हणजे १८२० च्या दशकात, हा नदीकाठचा रस्ता झाला.

आता दक्षिणेकडून चालू लागू. पहिला येतो प्रिन्सेप घाट. डोक्यावर विद्यासागर सेतू आहे, १९९२ साली खुला झालेला. जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीतला अधिकारी. नाण्यांचा कस पाहणे हे त्याचे काम. त्याने फावल्या वेळात, १८३७ च्या सुमारास, ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे लेख वाचता येऊ लागले. आपल्या नाणेघाटातला नागनिकेचा लेख, कार्ल्याचे आणि नाशिकच्या लेण्यांतले लेखही ब्राह्मीतच आहेत. म्हणजे सातवाहनांचा इतिहास वाचायची किल्ली कलकत्त्यात घडली! प्रिन्सेप १८४० साली अवघ्या चाळिशीत वारला आणि नागरिकांनी त्याच्या स्मरणार्थ हा घाट बांधला. तो ज्या वास्तूत काम करी ती जुनी टांकसाळ याच रस्त्याच्या उत्तर भागात आहे. तिचा दर्शनी भाग अथेन्समधील अथेना देवीच्या मंदिराची निम्म्या मापाची प्रतिकृती आहे.

घाटापासून थोडे पुढे एक अष्टकोनी, घुमटीची वास्तू दिसते. मराठी माणसाने तिथे जरा थांबावे. हे ग्वाल्हेर स्मारक. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पन्नियार येथे कंपनीची आणि शिंद्यांची फौज लढली. जनकोजीराव शिंदे त्याच वर्षी निवर्तले होते, गादीवर दत्तक घेतलेले बाळ जयाजीराव होते आणि दरबारात दुफळी होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो त्या संधीची वाटच पाहत होता. महाराजपूरला तो जातीने हजर होता. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच पडले. त्यांच्या चिवटपणाची कबुली इंग्रजांनीही दिली आहे. पुढे एलेनबरोच्या पुढाकाराने, १८४७ साली, हे साठ फुटी स्मारक उभे राहिले. आराखडा बंगाल इंजिनिअर्सच्या कर्नल गुडविनचा. वीटकामावर संगमरवर चढवला आणि माथ्याची घुमटी जिंकलेल्या मराठी तोफांच्या धातूची केली. ओतकाम जेसप कंपनीचे. आत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे आहेत. ज्यांच्या तोफा वितळवल्या, त्यांचे एकही नाव नाही.

हे सांगताना ऊर भरून येतो हे खरे. पण इथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कचेरीत एखादे बंगाली दादा हसत हसत म्हणतात, "तुम्ही तर बर्गी!" आपणही हसून वेळ मारून नेतो. 'बर्गी' हा आपल्याच 'बारगीर' शब्दाचा अवतार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून आले. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून दग्याने मारले, तरी स्वाऱ्या १७५१ च्या तहापर्यंत चालू राहिल्या. बरद्वान आणि पश्चिमेच्या जिल्ह्यांत गावेच्या गावे लुटली गेली, जाळली गेली. माणसे जीव घेऊन नदीच्या या काठाला आली. कलकत्त्याच्या रहिवाशांनी वर्गणी काढून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोच मराठा डिच. पश्चिमेला नदी होती म्हणून तिकडे खंदकाची गरज नव्हती. १७९९ साली तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. बंगाली आई मुलाला निजवताना बर्गींचे जे गाणे म्हणते, ते त्या भीतीतून आलेले आहे.

तोफांचा अभिमान आपला आणि बर्गीची लूट मात्र कोणा दुसऱ्याची, असा हिशेब जमत नाही. दोन्ही खाती आपल्याच नावावर आहेत. असे मानले तर इथे मान खाली घालून राहावे लागत नाही, उलट बोलणे सोपे होते. सखाराम गणेश देउस्करांचे उदाहरण पाहा. घराणे मराठी, जन्म देवघरजवळचा, लेखन बंगालीत. त्यांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सव सुरू केला. १९०४ साली त्यांच्या पुस्तिकेसाठी खुद्द रवींद्रनाथांनी शिवरायांवर कविता लिहिली. जून १९०६ मध्ये उत्सवासाठी लोकमान्य कलकत्त्याला आले. ज्या प्रांतात मराठ्यांच्या नावाने मुले भिऊन निजत, तिथे शिवरायांचा जयजयकार झाला. मधल्या दीडशे वर्षांत कोणीतरी एकमेकांची भाषा शिकले, म्हणून हे घडले.

पुढे बाबूघाट. राणी रासमणींनी पती बाबू राजचंद्र दास यांच्या स्मरणार्थ १८३० साली तो बांधला. दक्षिणेश्वरचे मंदिरही त्यांचेच, १८५५ चे. पुढचा चांदपाल घाट. १७७४ साली सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आणि कौन्सिलचे सभासद इथेच बोटीतून उतरले. त्यानंतर स्टेट बँकेची इमारत आणि हेअर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तीस खांबांचा मेटकाफ हॉल, १८४४ चा. १९०३ साली लॉर्ड कर्झनने इंपिरियल लायब्ररी इथेच खुली केली. आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे मूळ ते.

इथून आपल्या रेल्वेचा मुलूख लागतो. १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी पहिली गाडी धावली तेव्हा नदीवर पूल नव्हता. प्रवासी आर्मेनियन घाटावर तिकीट काढी आणि बोटीने पलीकडे जाऊन गाडी पकडी. १८७३ साली सियालदहहून याच घाटापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि वर्षभरातच बंद पडली. १८७४ मध्ये ब्रॅडफर्ड लेस्ली या रेल्वेच्याच इंजिनिअरने तरंगता पूल बांधला. जहाज आले की तो मधून उघडावा लागे आणि वाहतूक तितका वेळ खोळंबे. आजचा हावडा पूल फेब्रुवारी १९४३ चा. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातले तेवीस हजार टाटांचे. नट-बोल्ट नाहीत, सगळे रिव्हेट. गंमत म्हणजे हावडा पूल आणि विद्यासागर सेतू, दोघांचाही मुख्य गाळा सुमारे ४५७ मीटरचा आहे. आणि इतक्या पोलादाला गंजवले कशाने? पानाच्या पिंकांनी! हँगरच्या बुडाशी फायबरग्लासची आवरणे बसवावी लागली. २०२४ साली मेट्रो नदीखालून गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हावडा-सियालदह सलग जोडले गेले. घोड्यांच्या ट्रामला जे जमले नाही ते दीडशे वर्षांनी जमले.

मित्रहो, याच रस्त्यावर आपले न्यू कोयलाघाट आहे. ८ मार्च २०२१ च्या संध्याकाळी तिथे तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान होते, पोलीस होते, रेल्वेची माणसे होती. बरेच जण लिफ्टमध्ये सापडले. आग लागल्यावर लिफ्ट वापरू नये, ही सूचना आपण रोज भिंतीवर वाचतो. ती पाठ्यपुस्तकातली ओळ नाही, हे आता तरी घरच्या मुलांना सांगूया.

प्रिन्सेपचे नाव राहिले, कारण नागरिकांनी घाट बांधला. राजचंद्रबाबूंचे राहिले, कारण पत्नीने बांधला. शिंद्यांच्या गोलंदाजांचे कोणी लिहिले नाही. बरद्वानच्या जळलेल्या गावकऱ्यांचेही नाही. आपण स्मारके बांधू शकत नाही, पण सांगू तर शकतो. म्हणून एक विनंती आहे. यंदा विसर्जनाच्या दिवशी दोन तास लवकर निघू. मुलांना घेऊन प्रिन्सेप घाटापासून बाबूघाटापर्यंत पायी चालू. सोबत आपल्या बंगाली शेजाऱ्यांनाही बोलावू. ग्वाल्हेर स्मारकापाशी आपण तोफांची गोष्ट सांगू आणि बर्गींची त्यांच्याकडून ऐकून घेऊ. मग सगळे मिळून बाप्पांना निरोप देऊ.

गणपती बाप्पा मोरया!