वर्गांतील पाटी व पडद्यावरील खेळ

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत आपल्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाचें स्मारक म्हणून आपल्या शाळेस चाळीस टॅब्लेट भेट द्यावेत असा ठराव झाला, आणि त्याच आठवड्यांत कांहीं पालक मजकडे आले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, "फादर, घरीं मुलांच्या हातून मोबाइल सोडवितां सोडवितां आमचा जीव मेटाकुटीस येतो. निदान शाळा तरी त्यांतून सुटलेली होती. आतां तुम्हीच तें खेळणें वर्गांत आणून देणार काय?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. ज्यांनीं तो विचारला त्यांनीं वर्गणीही दिली आहे. तेव्हां उत्तर मागण्याचा त्यांस दुहेरी हक्क आहे.

ही भीति निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. २०२० च्या मार्च महिन्यांत शाळा बंद पडल्या, आणि ज्या यंत्रापासून आपण मुलांस दूर ठेवीत होतों तेंच यंत्र आपण आपल्या हातांनीं त्यांच्यापुढें ठेविलें. दुसरा उपाय नव्हता. परंतु फळा जेथें दिसत होता त्याच्या बोटभर अंतरावर खेळही होता, आणि मुलाचें बोट कोठें आहे हें पलीकडे बसलेल्या शिक्षकांस दिसत नव्हतें. एकाच चौकटींत अभ्यास व खेळ नांदविण्याची संवय त्या काळांत जडली. पुढें शाळा उघडल्या. संवय मात्र घरीं राहिली नाहीं, ती दप्तरांतून वर्गांत आली.

येथें जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस हे खेळ म्हणजे पत्त्यांचा नवा प्रकार वाटत असावा. तसें नाहीं. आपल्या लहानपणींचा खेळ संपत असे. लगोरी रचून झाली, डाव फिटला, दिवे लागले, कीं घरून हांक येई. आजच्या खेळास शेवट ठेविलेलाच नसतो. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर मालिका तुटली, अशी त्याची रचना जाणून बुजून केलेली असते. बॅटलग्राउंड्स मोबाइलसारख्या खेळांत शंभर जण उतरतात व शेवटीं उरेल तो जिंकतो. पुरा डाव खेळावयास अर्धा तास सहज जातो. आपला एक तास पस्तीस मिनिटांचा! बाकाखालीं मोबाइल धरून ज्यानें तासाच्या आरंभीं डाव मांडला, त्यास "बंद कर" म्हणणें म्हणजे त्याच्या सवंगड्यांस रणांत टाकून ये असें सांगणें होय. आपल्याला त्यांत आज्ञाभंग दिसतो, त्यास ती मित्रनिष्ठा वाटते. म्हणून नुसत्या रागावण्याचा तेथें फारसा उपयोग होत नाहीं.

सरकारी बंदीवर विसंबून राहूं नये, हेंही सांगून टाकतों. पब्जी मोबाइल २०२० च्या सप्टेंबरांत बंद झाला, पण तो सुरक्षेच्या कारणास्तव, मुलांच्या काळजीनें नव्हे. आणि २०२१ च्या जुलैंत त्याच जातीचा खेळ खास भारतासाठीं नव्या नांवानें आलाच. २०२५ च्या ऑगस्टमध्यें झालेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, हें फार चांगलें झालें. परंतु आपलीं मुलें वर्गांत जे खेळतात ते बहुतेक बिनपैशाचे, आणि त्यांस ही मनाई लागू नाहीं.

मोबाइल शाळेंत आणण्यास आपल्याकडे बंदी आहे व ती राहील. फ्रान्स देशानें २०१८ मध्यें पंधरा वर्षांखालील मुलांच्या शाळांत अशीच बंदी केली. प्रश्न उरतो शाळेच्या स्वतःच्या टॅब्लेटचा. त्यांवर मोठे खेळ कोणास चढवितां येऊं नयेत अशी व्यवस्था सोपी आहे. अवघड आहेत ते क्षुद्र खेळ, जे कोठें चढवावे लागत नाहींत, ब्राउझरमध्यें पत्ता लिहिला कीं उघडतात. एक पत्ता बंद करावा तों तोच खेळ दुसऱ्या दहा पत्त्यांवर हजर असतो, आणि निषिद्ध पत्त्यांची यादी मुलांच्या नेहमीं एक दिवस मागें असते. क्रोम ब्राउझरमध्यें तर २०१४ पासून एक गंमत आहे. इंटरनेट गेलें कीं पडद्यावर एक चिमुकला डायनोसॉर येतो, आणि बोट लावतांच निवडुंगांवरून उड्या मारीत पळूं लागतो. म्हणजे जोडणी तोडली तरी खेळ सुटला नाहीं! हें ज्ञान मला सहावींतील एका मुलानें मोठ्या आनंदानें दिलें.

यास्तव यादी उलटी करावयाची असें आम्हीं ठरविलें आहे. काय निषिद्ध तें लिहीत बसण्यापेक्षां काय मोकळें तेवढेंच लिहावें. सातवीपर्यंतच्या वर्गांत शिक्षक नेमून देतील तींच पानें व तींच ॲप उघडतील, बाकी सर्व बंद. डायनोसॉरलाही शाळेच्या व्यवस्थापनांतून रजा देतां येते. परीक्षेच्या वेळीं एकच ॲप पडद्यावर कुलूपबंद करण्याची सोय अँड्रॉइडमध्यें आहेच. पिन घातल्यावांचून बाहेर पडतां येत नाहीं.

पण एवढ्यावरच थांबलों, तर आपण केवळ एक कुलूप विकत घेतलें असें होईल. पुढचें काम माणसाचें आहे. जुन्या शाळेंत शुद्धलेखन झालें कीं गुरुजी म्हणत, "पाट्या पालथ्या घाला." चाळीस पाट्यांचा एकदम आवाज होई आणि चाळीस तोंडें वर होत. तीच रीत मला या वर्गांत हवी आहे. टॅब्लेट तासभर डोळ्यांपुढें तेवत ठेवण्याची वस्तु नव्हे. दहा मिनिटें काम, मग पालथा. बोलणें, लिहिणें, विचारणें कागदावर. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालांत म्हटलें आहे कीं एकदां लक्ष उडालें कीं तें पुन्हा अभ्यासावर बसण्यास वीस मिनिटेंपर्यंत लागूं शकतात. पस्तीस मिनिटांच्या तासांतून वीस वजा करून पाहावें! बाकांची मांडणीही अशी असावी कीं पडदे शिक्षकांकडे असतील, आणि शिक्षक खुर्चीवर नव्हे तर मुलांमध्यें असतील. संत डॉन बॉस्को यांनीं १८७७ मध्यें आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धति लिहून ठेविली, तिचें सार हेंच कीं अपराध घडल्यावर शिक्षा करण्यापूर्वीं गुरूनें मुलांत प्रेमानें वावरावें, म्हणजे अपराधास वावच मिळत नाहीं. कोणतीही चाळणी यापेक्षां बारीक नाहीं.

आतां जें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें. वर्गांत खेळाकडे वळणारीं मुलें दोन जातींचीं असतात. एक तो, ज्याचें काम झालें आहे. दहा गणितें सात मिनिटांत सोडवून तो मोकळा झाला, आणि मोकळ्या हातास पडदा सांपडला. दुसरा तो, ज्यास पहिल्याच गणिताचा उलगडा झालेला नाहीं. सर्वांदेखत "समजलें नाहीं" म्हणावयास त्यास लाज वाटते. खेळांत मात्र तो तिसऱ्या पायरीवरून चौथ्या पायरीवर चढतो. हरला तर कोणी हसत नाहीं, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतां येतो. शेरेवहींत दोघांच्याही नांवापुढें एकच शेरा पडतो, "वर्गांत खेळत होता." औषध मात्र एक नव्हे. पहिल्यास पुढचें काम द्यावें, नाहीं तर कपाटांतील गोष्टीचें पुस्तक द्यावें. दुसऱ्याशेजारीं शिक्षकांनीं दोन मिनिटें बसावें. चुकून पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा त्यास खेळ देतो. ती आपल्या गणिताच्या तासानें कां देऊं नये?

शिक्षेविषयीं थोडें. टॅब्लेट महिनाभर काढून घेण्याची मागणी कांहींनीं केली आहे. मी तिच्या विरुद्ध आहें. त्यानें खेळ जातो तसा अभ्यासही जातो. ज्यानें नियम मोडला त्यानें तो तास वहीपेन्सिलीवर काढावा व दुसऱ्या दिवशीं पुन्हा सर्वांबरोबर बसावें. आणि प्रत्येक खेळकर मुलास "व्यसनी" म्हणूं नका. जागतिक आरोग्य संघटनेनें खेळाच्या विकारास आपल्या रोगांच्या यादींत स्थान दिलें आहे, तें २०२२ पासून अमलांत आलें. परंतु तेथें लक्षणें साधारणतः बारा महिने टिकून असावीं लागतात, व घर, अभ्यास, मित्र यांची गंभीर हानि झालेली असावी लागते. तसें दिसलें तर वैद्यांकडे जावें; तें काम ना शाळेचें, ना माझें.

खेळ स्वतः पाप नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनीं खेळास मनाची विश्रांति म्हटलें आहे. खेळाचा अतिरेक जसा दोष, तसा त्याचा संपूर्ण अभावही दोष, असें त्यांचें मत आहे. २०२५ मध्यें ज्यांस संतपद मिळालें ते कार्लो अकुतिस हे आवडीनें व्हिडिओ गेम खेळत, पण आठवड्यास एकच तास, हें आपल्या मुलांस ठाऊक आहे.

मुलांना मोकळें खेळावयास आपण काय ठेविलें, हाही प्रश्न आहे. ज्या बावखलांत आपण पोहायला शिकलों त्यांतील कितीतरी वसईंत बुजलीं, माळांवर इमारती आल्या. उरला तो हातभर पडदा. त्यावरही बाप जेवतांना आपला मोबाइल पाहतो व मुलास म्हणतो, "तुझा ठेव." शाळेंत पाटी पालथी घालावयाची तर घरीं जेवणाच्या वेळीं ती सर्वांचीच पालथी पडावी, अशी माझी पालकांस विनंती आहे.

मग टॅब्लेट हवेतच कशाला? ज्या घरांत एकच मोबाइल होता व तो पहाटेच्या लोकलनें बापाबरोबर मुंबईस जात होता, त्या घरचें मूल शाळा बंद असतां मागें पडलें. ज्यांच्या घरीं सर्व कांहीं आहे त्यांस या चाळीस टॅब्लेटची गरज नाहीं. ते त्या मुलासाठीं आहेत, आणि शेजारच्याच्या खेळापायीं त्याचा तास बुडूं देण्यास मी तयार नाहीं.

टॅब्लेट शाळेंतच राहतील, कपाटांत चार्ज होतील, किल्ली मुख्याध्यापिकाबाईंकडे राहील. पहिल्या शनिवारीं दुपारीं खोली उघडी ठेवूं. पालकांनीं येऊन मुलांच्या जागीं बसावें आणि काय उघडतें, काय उघडत नाहीं, तें स्वतः करून पाहावें. कोणास एखादी फट सांपडली तर तेथल्या तेथें सांगावी. कोणाला कांहीं विचारावयाचें असल्यास आतां विचारावें. मी येथेंच आहें.