बहिणाबाई : एका मातेचें स्मरण

ज्या स्त्रियांच्या कष्टांवर घरें उभीं राहतात, त्यांचीं चरित्रें सहसा कोणी लिहीत नाहीं. पहांटे उठून दळण दळावें, पाणी भरावें, शेतावर राबावें, परत येऊन चूल पेटवावी, मुलाबाळांच्या तोंडीं घांस घालावा, आणि हें सारें वर्षानुवर्षें करीत एके दिवशीं निमूटपणें डोळे मिटावेत, असा ज्यांचा आयुष्यक्रम, त्यांच्याविषयीं लिहावयाचें तरी काय, असें शिकलेल्या माणसांस वाटतें. हा समज किती उणा आहे, हें खानदेशांतील एका निरक्षर शेतकरी स्त्रीच्या आयुष्याकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. ती स्त्री म्हणजे कवि सोपानदेव चौधरी यांच्या मातोश्री बहिणाबाई.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालीं जळगांवाजवळच्या असोदे या गांवीं महाजनांच्या शेतकरी घराण्यांत झाला. वडिलांचें नांव उखाजी व आईचें भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी असें तें भरलेलें घर होतें. त्या काळीं खेड्यांतील मुलीच्या वांट्यास शाळा येत नसे. ती बहिणाबाईंच्याही वांट्यास आली नाहीं. वयाच्या तेराव्या वर्षीं जळगांवच्या नथूजी चौधरी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. माहेर तसें हांकेच्या अंतरावर. परंतु सासुरवाशिणीला तेंही दूरच असतें. त्या वाटेवरचें रणरणतें ऊन, पायांना बसणारे चटके, लागलेल्या ठेंचा आणि तरीही न मोडणारी माहेरची ओढ, हें सारें पुढें त्यांच्या गाण्यांत आलें.

संसार रुळला, ओंकार व सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही कन्या अशीं अपत्यें झालीं. आणि १९१० सालीं नथूजी निवर्तले. बहिणाबाईंचें वय त्या वेळीं अवघें तीस. धाकटा सोपान तीन वर्षांचा. थोरल्या ओंकारला प्लेगनें गांठलें; तो जगला, परंतु कायमचा अधू झाला. पैशाची ओढ, लहान मुलें, आणि विधवेकडे पाहण्याची समाजाची ती जुनी दृष्टि, हें सारें एकदम त्या माउलीच्या अंगावर आलें. सांत्वनाला जमलेल्या आयाबायांनीं आपली कींव करूं नये, आपला जीव आतां आपणच सांभाळूं, अशा अर्थाचें त्यांचें एक गाणें आहे. त्यांत आक्रोश नाहीं, दैवाला शिव्याशाप नाहींत. दुःख गिळून उभी राहिलेली बाई जितकें बोलेल, तितकेंच तें बोलतें. मुलांसाठीं उभें राहावयाचें, एवढा एकच मार्ग तिच्यापुढें होता आणि तोच तिनें धरला.

हीं गाणीं कशीं जन्मलीं, हें समजण्यास जात्याची ओळख हवी. सूर्योदयापूर्वीं घरांत अंधार असतांनाच जातें फिरूं लागे. एका हातानें खुंटा ओढावयाचा, दुसऱ्या हातानें जात्याच्या तोंडांत मूठमूठ वैरण घालावयाची. दिवसभराच्या भाकरीचें पीठ त्यांतून पडल्याखेरीज उठतां येत नसे. या श्रमाला लय असते, आणि लयीबरोबर ओवी आपोआप येते. महाराष्ट्रांतील लक्षावधि स्त्रियांनीं अशा ओव्या गाइल्या आहेत. देवाचें नांव, भावाची आठवण, लेकराचें कौतुक आणि जें कोणाजवळ बोलतां येत नाहीं तें सारें त्यांनीं जात्यालाच सांगितलें. बहिणाबाई याच परंपरेंतल्या. फरक एवढाच, कीं त्यांच्या ओवीला पाहण्याची विलक्षण दृष्टि लाभली होती.

आणि त्यांनीं पाहिलें तरी काय? जें रोज डोळ्यांसमोर होतें तेंच. पेरणी, मळणी, उफणणी, विहिरीवरची मोट, बैलांचा पोळा, मुलींना माहेरीं आणणारी आखाजी, भाकरी थापणारे हात आणि तव्याचा चटका. झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा पाहून त्यांना पिलांसाठीं चोंचीनें घर विणणारी आई दिसली. संसारांतले चटके सोसल्यावांचून भाकरी मिळत नाहीं, हें त्यांना कोणत्या ग्रंथानें शिकविलें नव्हतें. तें त्या चुलीपाशीं शिकल्या. एका गाण्यांत एक जोगी सासुरवाशिणीला विचारतो, कीं माहेराचे इतके गोडवे गातेस, तर सासरीं आलीस कशाला? तिच्या उत्तराचा भावार्थ असा, कीं आई सासरचें घर सांभाळीत राहते, म्हणूनच पुढें तिच्या लेकीला माहेर म्हणून येण्यास एक दार उघडें असतें. मातृत्वावर मोठमोठीं व्याख्यानें झालीं आहेत. परंतु या एका उत्तरांत एका पिढीनें दुसऱ्या पिढीसाठीं जें सोसलें, त्याचा सारा हिशेब आला आहे.

हीं गाणीं टिकलीं तीं मुलानें कान दिला म्हणून. सोपानदेव शाळेंत असतांना त्यांनीं सावित्री-सत्यवानाची कथा पाठ्यपुस्तकांतून आईला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आईनें तीच कथा गाण्यांत गुंफून त्यांना ऐकविली! मुलाजवळ अक्षर होतें, आईजवळ वाणी होती. तेव्हांपासून तें गाणें कागदावर उतरूं लागलें. सोपानदेवांनीं आणि त्यांचे आप्त पितांबर चौधरी यांनीं वेळोवेळीं जें टिपून ठेवलें, तेवढें राहिलें. सोपानदेव पुढें स्वतः नामांकित कवि झाले, तरी त्यांच्या आईचीं गाणीं मात्र वहींतच होतीं. आईनेंही कधीं तीं छापावीं असा आग्रह धरला नाहीं. तिचें गाणें तिच्या कामाचाच एक भाग होतें. पीठ डब्यांत गेलें कीं ओवीही संपली.

१९५१ सालच्या डिसेंबरच्या ३ तारखेस जळगांवीं बहिणाबाईंनीं देह ठेवला. त्यानंतर सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. हें अस्सल सोनें असून तें महाराष्ट्रापासून लपवून ठेवणें हा अपराध होईल, असें अत्रे यांनीं त्यांना बजावलें, आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' हा संग्रह अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. लेवा बोलींतील ते शब्द पाहतां पाहतां साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झाले. जिला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें, तिचें नांव २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास देण्यांत आलें. परंतु यांतलें कांहींच पाहण्यास ती माउली नव्हती.

येथें मनाला एक गोष्ट लागून राहते. जीं टिपलीं गेलीं तीं गाणीं आपल्या हातीं आलीं. पण ज्या पहांटे मुलगा झोंपेंत होता, किंवा शेतावर जवळ कोणीच नव्हतें, त्या वेळचीं गाणीं वाऱ्यावर गेलीं, तीं पुन्हां मिळावयाचीं नाहींत. आणि ज्या घरांत टिपून घेणारा कोणी सोपान नव्हता, अशा घरांची तर गणतीच नाहीं.

शहरांतील शिकलेल्या घरांतून जातें केव्हांच गेलें. परंतु खेड्यांतून आलेली एखादी वृद्ध आई, नातवंडांची आजी, अजूनही अनेक घरांत असते. ती फार शिकलेली नसते. तिचें बोलणें जुन्या वळणाचें वाटतें. तीच ती गोष्ट ती पुन्हां सांगूं लागली, कीं घरांतील मंडळी उठून जातात. तिची सेवा होते, तिला औषधपाणी वेळेवर मिळतें. परंतु तिचें ऐकून घेण्यास कोणाला वेळ नसतो. बहिणाबाईंचें खरें स्मरण करावयाचें असेल, तर त्यांच्या तसबिरीला हार घालून तें पुरें व्हावयाचें नाहीं. आपल्या घरांतल्या त्या माउलीजवळ घटकाभर बसावें, ती जें सांगेल तें ऐकावें, आणि हाताशीं कागद असला तर लिहूनही ठेवावें. ती आहे तोंवरच हें होण्यासारखें आहे.