चंचल मूल आणि घरचे डॉक्टर

(गणेशोत्सव व्याख्यानमालेत जुनी हुबळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही बुद्धीची देवता. तिच्यासमोर दरवर्षी आपण मुलांच्या पाठांतराच्या, चित्रकलेच्या स्पर्धा घेतो. ज्यांना बक्षीस मिळते त्यांचे कौतुक होतेच. ज्यांना कधीच मिळत नाही अशा काही मुलांविषयी आज आम्ही दोघे नवरा-बायको बोलणार आहोत. अर्ध्या श्लोकावर अडकून मंडपाच्या झालरीकडे बघत राहणारी, चित्र अर्धे टाकून पळणारी, खुर्चीवर पाच मिनिटे टिकत नसलेली ही मुले. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यापैकी एक राज्य सरकारच्या नोकरीत, स्थापत्य शाखेचा डिप्लोमावाला. दुसरी घर आणि शिवणकाम सांभाळणारी. जे बोलू ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतःच्या घरात बघून बोलू.

या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. जगभरच्या अभ्यासांचा साधारण अंदाज असा की शंभर मुलांमागे पाचेक मुलांत ती असते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन. हा आजचा, मोबाईलने आणलेला रोगही नव्हे. जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १९०२ साली लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईने लाड केले, बापाने धाक दाखवला नाही, म्हणून हे होत नाही. आणि बुद्धीशी याचा संबंध नाही. घोडा चांगला असतो, लगाम हातात येत नाही, एवढेच.

आपल्याकडे अशा मुलाला 'तुंटा' म्हणून सोडून देतात. पण सगळीच मुले दंगा करणारी नसतात. काही, विशेषतः मुली, शांत बसलेल्या असतात आणि मन मात्र भलतीकडे असते. आमची मुलगी त्यातली. तिसरीपासून दर पालकसभेत एकच वाक्य ऐकले : "हुशार आहे, पण लक्ष नसते." डबा, पाण्याची बाटली, स्वेटर, काही ना काही दर आठवड्याला हरवायचे. अर्ध्या तासाचा गृहपाठ रात्री दहापर्यंत चालायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ब्राह्मी दिली, बदाम भिजवून दिले, मठात नारळ वाहिला. सगळे मायेपोटीच. एका शिकवणीत तिला रोज दाराबाहेर उभे करत. चौथीच्या शेवटी एका रात्री तिने विचारले, "आई, मी ढ आहे का?"

पाचवीत असताना तापासाठी तिला आमच्या घरच्या डॉक्टरांकडे नेले. तिच्या जन्माआधीपासून ते आम्हाला ओळखतात. ताप बघून झाल्यावर, शाळा कशी चालली आहे, असे त्यांनी सहज विचारले. मग चार प्रश्न विचारले. हे किती महिने चालले आहे? घरीही असेच का, की फक्त शाळेत? पहिली-दुसरीत असताना कशी होती? यामुळे तिचे रोजचे काय अडते? त्यानंतर त्यांनी कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगितले, रक्तातले हिमोग्लोबिन बघितले, झोपेची चौकशी केली. शाळेतल्या बाईंसाठी एक प्रश्नावली दिली. ती भरून आल्यावर धारवाडच्या तज्ज्ञांना फोन केला आणि चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी हातात होती म्हणून तिथे दोन भेटींत निदान झाले.

हे चार प्रश्न आम्ही मुद्दाम सांगितले, कारण निदानाचा गाभा तोच आहे. एडीएचडी सांगणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागली का, किमान सहा महिने टिकली आहेत का, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसतात का, आणि त्यामुळे मुलाचे खरोखर काही अडते का, हे बघावे लागते. ऐकू कमी येणे, दिसायला कमी असणे, झोप अपुरी, थायरॉईड, क्षणभर टक लावून हरवल्यासारखे करणारी एक प्रकारची फिट, घरातला ताणतणाव, यापैकी काही नाही ना, हे आधी तपासावे लागते. यातले बरेचसे काम ज्याला घर माहीत आहे तोच डॉक्टर चांगले करू शकतो.

मग अडते कुठे? स्थापत्यवाल्याचे उदाहरण देतो. आपल्या जोडशहराला सवदत्तीच्या मलप्रभा धरणातून आणि नीरसागरातून पाणी येते. पण धरण भरले म्हणून आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी येतेच असे नाही. मध्ये जलवाहिनी लागते, टाकी लागते, व्हॉल्व्ह लागतो आणि तो सोडणारा माणूस लागतो. उपचारांचेही तसेच आहे. धारवाडला डिमहान्स आहे, विद्यानगरला किम्स या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. इतक्या जवळ अशा संस्था असलेली गावे देशात थोडी. तरीही देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही, आणि त्यातही मुलांचे तज्ज्ञ फारच कमी. कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंदहून येणाऱ्या माणसाची एका खेपेत दिवसाची मजुरी जाते. शिवाय 'मेंटल हॉस्पिटल' हे नाव ऐकूनच अर्धी घरे मागे फिरतात. घरच्या डॉक्टरांची पायरी चढायला मात्र कुणाला लाज वाटत नाही.

हे होऊ शकते का, असे कुणी विचारील. आपल्याच राज्यात ते झालेले आहे. गदग, होसपेटेमार्गे रेल्वेने गेलो की बळ्ळारी लागते. १९८५च्या सुमारास बंगळुरूच्या निम्हान्सने राज्य सरकारच्या साहाय्याने त्या जिल्ह्यात एक प्रयोग सुरू केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतले साधे डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी यांना थोड्या दिवसांचे शिक्षण दिले, ठराविक औषधे केंद्रातच ठेवली, नोंदवही घालून दिली आणि अवघड रुग्णांसाठी जिल्ह्याचा तज्ज्ञ पाठीशी उभा केला. फिट, तीव्र मनोविकार, नैराश्य यांवर गावाजवळ उपचार मिळू लागले. त्याच नमुन्यावर १९९६ साली केंद्र सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बळ्ळारीचा भर मुख्यतः मोठ्यांच्या आजारांवर होता. पण शिकवण सरळ आहे. तज्ज्ञ वाढेपर्यंत थांबायचे नाही. आहेत त्या डॉक्टरांना शिकवायचे आणि तज्ज्ञ पाठीशी ठेवायचा.

मुलांसाठीही सरकारी सोय काही आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या तीस दोष-आजारांसाठी मुलांना तपासायचे त्यांत एडीएचडीचे नाव आहे. पण ते पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाते. आपली पुष्कळ मुले खाजगी इंग्रजी शाळांत. त्यांना तपासणारे पथक म्हणजे गल्लीतला दवाखानाच. तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसावेत म्हणून राज्य सरकारने मनोचैतन्य कार्यक्रम आणला आहे. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६; तो २०२२पासून चालू आहे, फुकट आहे, आणि रात्रीही फोन उचलला जातो.

परदेशातही यावर एकमत नाही. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने चार ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी घरच्या डॉक्टरांनीच सुरू करावी असे सांगितले आहे. ब्रिटनमध्ये निदान तज्ज्ञाने करायचे आणि पुढची देखरेख गल्लीतल्या डॉक्टरने, असा वाटा आहे. तिथे तज्ज्ञाकडच्या रांगा फार लांब झाल्या आहेत. आपल्याला मधला रस्ता सोयीचा वाटतो : ओळखणे आणि देखरेख घरच्या डॉक्टरांकडे, निदानावर शिक्कामोर्तब आणि औषधाची सुरुवात तज्ज्ञांकडे.

याला कारणही आहे. या आजारावरचे मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. ते नियंत्रित औषधांत मोडते. त्यासाठी दोन प्रतींत चिठ्ठी लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपायची असते. त्यामुळे बहुतेक औषधवाले ते ठेवतच नाहीत. फोनवरच्या सल्ल्यातूनही ते लिहून देता येत नाही. अटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध त्या कडक यादीत नाही. आपल्या भागातले कितीतरी घरचे डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे आहेत. त्यांनी ही औषधे लिहावीत असे आम्ही म्हणत नाही. पण ओळखणे, चिठ्ठी देणे, आणि नंतर दर भेटीला वजन, उंची, नाडी, रक्तदाब, भूक आणि झोप लिहून ठेवणे, हे तेही करू शकतात. औषधाने भूक कमी होते का, हे धारवाडच्या तज्ज्ञाला तीन महिन्यांनी कळण्यापेक्षा घरच्या डॉक्टरला पंधरा दिवसांत कळलेले बरे. आणि सहा वर्षांखालच्या मुलांत आधी औषध नसतेच. आईवडिलांना मुलाशी वागण्याची रीत शिकवणे हाच पहिला उपचार.

काही जण म्हणतात, अशाने प्रत्येक खोडकर मुलाच्या कपाळी शिक्का बसेल. ही काळजी योग्य आहे. पण शिक्का घाईने बसतो तो मुलाला पहिल्यांदाच दहा मिनिटे बघणाऱ्याकडून. ज्याने मुलाला गोवरापासून बघितले आहे तो 'हे नुसते वय आहे' असेही खात्रीने सांगू शकतो. तेवढे ऐकून घरी परत जाणे, हाही उपयोगच.

आमच्या मुलीचे काय झाले, ते सांगणे भाग आहे. ती पहिली आलेली नाही. छत्री अजून हरवते. पण बाईंनी तिला पहिल्या बाकावर घेतले. गृहपाठ पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत होतो. दाराला दप्तराची यादी चिकटवली आहे. औषध चालू आहे, देखरेख घरच्या डॉक्टरांची आहे. आणि 'ढ' हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा आलेला नाही. ती तपासणी चालू असताना घरातल्या एका मोठ्या माणसानेही ते चार प्रश्न स्वतःला लावून बघितले, कारण हे मोठेपणीही राहते.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या. एक, आपल्या सभासदांत आणि ओळखीत जे घरचे डॉक्टर आहेत त्यांना एका रविवारी आपल्या सभागृहात बोलवावे आणि धारवाड-हुबळीच्या एका बालमानसोपचारतज्ज्ञांना त्यांच्याशी दोन तास बोलायला विनंती करावी. चहा-फराळाचा खर्च आम्ही करू. दोन, पालक आणि शिक्षकांच्या प्रश्नावल्या मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापून दवाखान्यांत ठेवाव्यात. आपल्या देशात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी इन्क्लेनने एक प्रश्नावली तयार केलेली आहे. कोणती वापरावी हे तज्ज्ञांनी ठरवावे, छपाई आपण करू. तीन, पुढच्या वर्षी स्पर्धांत एक बक्षीस असेही ठेवावे की ज्यात पाठांतर नाही आणि गप्प बसणेही नाही.

आणि इथे बसलेल्या आईवडिलांना एकच सांगणे. सर्दी-तापासाठी दवाखान्यात जाल तेव्हा निघता निघता शाळेचेही विचारून घ्या. डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही विचारा.

गणपती बाप्पा मोरया!