वाई, कॅम्परव्हॅन आणि टाकीतलं पाणी

हेडफोन लावलेत ना? आज आपण कॅम्परव्हॅन घेऊन वाईला जाणार आहोत. हो, वाईच. महाबळेश्वर-पाचगणीला जाताना आपण जिथे चहापुरते थांबतो आणि लगेच पसरणी घाट चढायला लागतो, तेच गाव. पुण्याहून जेमतेम 90 किलोमीटर.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंतरासाठी पलंग, शेगडी आणि संडास असलेली गाडी कशाला? रील्ससाठी नाही हो. कारण माझी आई. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि प्रवास म्हटलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. वाटेत स्वच्छ संडास मिळेल की नाही, या धास्तीने. तुमच्या घरातल्या बायकाही हेच करत असतील, एकदा विचारून बघा. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे होतंच. म्हणून एका दिवसासाठी गाडी भाड्याने घेतली. मी, आई आणि धाकटा भाऊ.

खंबाटकी घाट ओलांडला, सुरूर फाट्याला वळलो आणि सकाळी सकाळी थेट मेणवलीला पोचलो. वाईपासून तीनेक किलोमीटर. इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेवरचा घाट. ‘स्वदेस’ पाहिलाय ना? त्यातलं गाव बरंचसं इथलंच. पण मला जास्त आवडली ती घाटावरची घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तेव्हा विजयाची खूण म्हणून तिथल्या घंटा आणून आपल्याकडच्या देवळांत टांगल्या. त्यातली ही एक. म्हणजे चर्चसाठी ओतलेली घंटा आज कृष्णाकाठी आहे.

घाटाच्या पायऱ्या आईला झेपणाऱ्या नव्हत्या. ती वरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “अगं, तुम्ही या खाली जाऊन. मला इथनं सगळं दिसतंय.” आणि खरंच दिसत होतं. कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यात उड्या मारणारी पोरं. ही वापरातली नदी आहे, आपण पाहुणे. एवढं लक्षात ठेवलं की फोटो काढण्याआधी विचारायचंही सुचतं.

मग वाई. इथे एक कामाची सूचना: मोठी गाडी गावात घालू नका. आळ्या अरुंद, वर लोंबणाऱ्या वायरी. आम्ही गावाबाहेर एका मैदानात गाडी लावली आणि रिक्षाने गणपती घाटावर गेलो.

तिथला महागणपती, म्हणजे आपला ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं. दर्शन सगळेच घेतात, पण तुम्ही देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी आदळलं की दोन्ही बाजूंना फाकतं आणि जोर कमी होतो. जवळजवळ नदीतच देऊळ बांधायचं आणि नदी चढणार हे धरूनच बांधायचं, ही समज मला फार मोठी वाटली. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळा नंदी चुकवू नका.

दुपारी दगड तापले तेव्हा गाडीत परतलो. पिठलं-भात झाला, आई पलंगावर तासभर झोपली. हीच खरी चैन. हॉटेलात खोली घेतली नाही, आणि ती दमली म्हणून परत फिरावंही लागलं नाही.

संध्याकाळी प्राज्ञपाठशाळेवरून चक्कर मारली. विनोबा भावे तरुणपणी इथे नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला आले होते. त्याच पाठशाळेतले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. विश्वकोशाचं काम वाईतच उभं राहिलं, पहिला खंड आला 1976 मध्ये, आणि पुढे 20 खंड झाले. तुम्ही मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडता ना, तो या नदीकाठच्या गावात तयार झालाय.

आता मुद्द्याचं, ज्याबद्दल व्हॅनवाले व्हिडिओ गप्प असतात. या गाडीत दोन गोष्टी साठतात. भांड्यांचं, आंघोळीचं साबणाचं पाणी एका टाकीत, आणि संडासाचा डबा वेगळा. दिवस संपताना ते कुठे रिकामं करायचं? अंधार पडला की ओढा जवळ असतो, बघायला कोणी नसतं. आणि ओढा जातो कृष्णेला. हीच कृष्णा पुढे कऱ्हाडला कोयनेला भेटते, सांगलीवरून जाते आणि चार राज्यं ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. सांगलीकर तिचंच पाणी पितात.

म्हणून आम्ही मैदानाच्या मालकांना फोनवर आधीच विचारून ठेवलं होतं, “काका, तुमच्याकडे सेप्टिक टँक आहे का? डबा तिथे रिकामा करू द्याल का? त्याचे वेगळे पैसे देतो.” ते हो म्हणाले तेव्हाच जागा ठरवली. साबणाचं पाणीही तिथेच, त्यांच्या मोरीत ओतलं.

तर मंडळी, कॅम्परव्हॅन बुक करताना एसी आहे का, टीव्ही आहे का, हे नंतर विचारा. आधी तीन प्रश्न: टाकी किती लिटरची, डबा कसा काढायचा आणि रात्री तो रिकामा कुठे करायचा. तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नका. आईसारखी माणसं या गाड्यांमुळे घराबाहेर पडणार असतील तर गाड्या वाढायलाच हव्यात. पण त्यांचा भार नदीने उचलायचा नाही.

आणि हो, त्या दिवशी आई दिवसभर पोटभर पाणी प्यायली.

तुमच्या गावाजवळ असं नदीकाठचं गाव असेल तर कळवा. हा भाग घरातल्या त्या माणसाला पाठवा, जे प्रवासाला नको म्हणतं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!